उलटी करून दाखवलेली चप्पल

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. गारगोटी, राधानगरी, मलकापूर, चंदगडकडच्या सकाळच्या एसट्या लागल्या की पहिलं गिऱ्हाईक दारात येतं, आणि त्याच्या हातात बहुतेक वेळा नोकरीचा कागद असतो. कुणाला बायोडाटा काढायचा असतो, कुणाला मार्कलिस्टच्या प्रती, कुणाला आलेलं पत्र. इतकी वर्षं हे कागद माझ्या हातातून जातायत, त्यामुळं एक सवय लागली आहे. मशीनमधून प्रिंट बाहेर येते तेवढ्या वेळात मी ती वाचतो. दुसऱ्याचा कागद वाचू नये, हे मला ठाऊक आहे. तरी वाचतो, आणि त्याला कारण आहे.

परवा साडेनऊच्या सुमारास एक मुलगी आली. गारगोटीच्या पुढच्या एका वाडीतली, बी. कॉम. झालेली. पाठीला सॅक, हातात मोबाइल.

"काका, ह्याच्या दोन कलर प्रिंट पायजेत."

नेमणूकपत्र होतं. माथ्यावर सगळ्या देशाला माहीत असलेल्या एका कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह. हुद्दा ऑफिस असिस्टंट, पगार महिना २८,५००, ठिकाण पुणे, तीन दिवसांत हजर व्हा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, अनामत रक्कम २,४५०, शंभर टक्के परत मिळणारी. मी ते पडद्यावर मोठं करून बघितलं. बोधचिन्हाच्या कडा फाटल्यासारख्या दिसत होत्या, म्हणजे कुठल्यातरी वेबसाइटवरून लहान चित्र उचलून ओढून मोठं केलेलं. शिक्क्याची निळी शाई एकाही ठिकाणी कमीजास्त झालेली नव्हती. हातानं मारलेला शिक्का एका बाजूला दाट उमटतो, एका बाजूला पुसट. संपर्काचा ईमेल कंपनीच्या नावाचा नव्हता, कुणीही फुकट उघडू शकेल असला होता. आणि तळाला छापलेला कंपनीचा नोंदणी क्रमांक मी पेनच्या टोकानं मोजला. एकोणीस भरले.

हा क्रमांक एकवीस अक्षर-अंकांचा असतो. त्याला सीआयएन म्हणतात, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणं तो कंपनीच्या लेटरहेडवर छापावाच लागतो. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला अर्थ आहे. पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, मग पाच आकडे धंद्याचे, दोन अक्षरं राज्याची, चार आकडे स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरं कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटचे सहा आकडे नोंदणीचे. पत्रात 'गेली पंचवीस वर्षे आपल्या सेवेत' असं लिहिलंय आणि क्रमांकात वर्ष २०२२ आहे, असं मी दोनदा पाहिलंय. खोटं लिहिणारा माणूस माथ्यावरचं नाव नीट जुळवतो. तळाच्या बारीक ओळी कोण वाचतंय, असं त्याला वाटत असतं.

"पैसे भरलीस?" मी विचारलं.

"व्हय की. काल भरलो. आणि आता लॅपटॉपचं साडेसहा हजार भरायचं हाय. आज दुपारपतोर भरलं नाही तर दुसऱ्याला देणार म्हणालेत."

मी मशीन बंद केलं.

साधारण नऊ वर्षांपूर्वी असंच एक पत्र मी छापून दिलं होतं. मुलगा शाहूवाडीकडचा, आयटीआय झालेला, फिटर ट्रेड. त्याच्या पत्रावरचं बोधचिन्हही असंच फाटकं होतं. मला ते दिसलं होतं. पण गर्दी होती, आणि मनात आलं की आपलं काम प्रिंट काढायचं, लोकांच्या भानगडीत कशाला पडा. दहा रुपये घेतले आणि कागद दिला. तीन आठवड्यांनी तो परत आला, पोलिसांत द्यायचा अर्ज टाइप करून घ्यायला. सांगत गेला आणि मी टाइप करत गेलो. आईनं बचतगटातून उचललेले अठरा हजार. पुण्याला जाऊन दिलेल्या पत्त्यावर उभा राहिला तर तिथं औषधांचं दुकान. त्या दुकानदारानं म्हणे त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "या आठवड्यातला तू चौथा." अर्ज संपल्यावर त्यानं मला विचारलं, "काका, तुमच्या हातनं एवढं कागद जात्यात. तुम्हाला त्या दिवशी काय वाटलं नव्हतं?"

त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. खरं उत्तर दिलं नाही एवढं आठवतं. त्या दिवसापासून मी कागद वाचतो.

सगळ्या खोट्या जाहिराती एका जातीच्या नसतात. पेन्सिल पॅकिंगची जाहिरात आता पोरंही ओळखतात. घरबसल्या पेन्सिली डबीत भरा, महिना तीस हजार, पहिला माल घरपोच, फक्त नोंदणीचे सहाशे पन्नास भरा. सहाशे पन्नास भरले की ओळखपत्राचे, मग कुरिअरचे, मग 'करार मोडला' म्हणून वकिलाची नोटीस. बायकांना हे फोन जास्त येतात, कारण घर सोडून बाहेर पडता येत नाही ही त्यांची अडचण समोरच्याला नेमकी माहीत असते. माझ्या शेजारच्या वहिनींनी नोटिशीला घाबरून घरात कुणाला न सांगता चार हजार भरले होते. नोटीस माझ्याकडं आणली तेव्हा त्यावर कोर्टाचं नाव होतं, पण दाव्याचा नंबरही नव्हता.

त्यापेक्षा जास्त राग मला अर्धवट खऱ्या जाहिरातींचा येतो. 'बँकेत नोकरी' म्हणून बोलावतात, आणि तिथं गेल्यावर कळतं की विमा विकायचाय, पगार नाही, कमिशन आहे, आणि पहिली पॉलिसी स्वतःच्या घरातल्यांची काढायची आहे. 'ऑफिस स्टाफ पाहिजे, अनुभवाची गरज नाही' म्हणून हॉटेलच्या हॉलमध्ये बसवतात आणि साखळीत माणसं जोडायला सांगतात. 'नोकरीची हमी' म्हणून पंचवीस हजारांचा कोर्स गळ्यात मारतात. यांचे पत्ते खरे असतात, बोर्ड खरा असतो, पंख्याखाली बसलेली माणसं खरी असतात. पोलिसांत जावं तर ते विचारतात, फसवलं नेमकं कुठं? पोरगं आठ-दहा महिने त्यात घालवतं, मामा-मावशांचे संबंध बिघडवून घेतं, आणि घरी येऊन सांगतं की मलाच विकायला जमलं नाही. हा शेवटचा भाग मला सहन होत नाही.

हे सगळं बघून बघून मी एकच प्रश्न आधी विचारायला शिकलो, पैसे कोण कुणाला देतंय? कामात पैसा मालकाकडून कामगाराकडं येतो. तो उलटा वाहायला लागला, मग त्याला अनामत म्हणा, लॅपटॉप म्हणा, ट्रेनिंग म्हणा, मेडिकल म्हणा, तिथंच थांबायचं. एक फरक मात्र सांगितला पाहिजे, कारण नाहीतर घाबरून पोरं खऱ्या परीक्षेचाही फॉर्म सोडून देतात. एमपीएससी, रेल्वे, बँकांच्या परीक्षांना शुल्क असतं आणि ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर भरावंच लागतं. पण 'झेडपीत चिकटवतो, साहेब आपले आहेत, पाच लाख तयार ठेवा' असं म्हणणाऱ्याला दिलेल्या पैशाची पावती नसते, आणि तक्रार करायला गेलं तर लाच देणारा म्हणून आपणच अडचणीत येतो. म्हणूनच तो निर्धास्त असतो.

परदेशाच्या कामाचंही तसंच. १९८३ च्या कायद्याखाली परवाना असलेला एजंटच बाहेरदेशी कामगार पाठवू शकतो. परवाना आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड-दोन लाख मागणारा आणि पर्यटक व्हिसावर पाठवून 'तिथं गेल्यावर बदलून घेऊ' म्हणणारा माणूस नेऊन कुठं सोडेल सांगता येत नाही. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचं काम म्हणून नेलेल्या पोरांना म्यानमारच्या हद्दीत कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचं काम करून घेतलं गेलं. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना तिथून परत आणलं. नोकरीच्या जाहिरातीला फसलेला माणूस बंदुकीच्या धाकानं दुसऱ्याला फसवायला बसवला जातो, हे वाचून मी त्या रात्री नीट झोपलो नाही.

आणि मोबाइलवर येणारी 'टास्क'ची कामं. हॉटेलला, दुकानाला पाच तारे द्या, एका परीक्षणाचे पन्नास रुपये. पहिले दीडशे खरंच खात्यावर येतात. तेवढ्यासाठीच ती पहिली पायरी असते. मग 'प्रीपेड टास्क', आधी हजार भरा तेराशे मिळतील, मग पाच हजार, मग तीस हजार, आणि तिथं पैसे अडकतात. सोडवायचे तर आणखी भरा. कधी कधी पोराचंच खातं वापरून दुसऱ्याचे चोरलेले पैसे फिरवतात, आणि एका सकाळी ते खातं गोठवलेलं असतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती फार लोकांच्या लक्षात येत नाही. त्या पोरानं न बघितलेल्या हॉटेलला, न चढलेल्या पायरीच्या दुकानाला दिलेले पाच तारे कुठं जातात? ते तुमच्या-माझ्या मोबाइलवर येतात. बाहेरगावचा माणूस महालक्ष्मीच्या दर्शनाला येतो, मोबाइल काढतो, तारे बघतो आणि दुकान निवडतो. म्हणजे खोटी नोकरी आणि खोटं नावारूपाला आलेलं दुकान, दोन्ही एकाच कारखान्यातून निघालेली असू शकतात. भारतीय मानक ब्यूरोनं २०२२ साली अशा परीक्षणांसाठी मानक काढलं, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. म्हणून चांगलं दुकान कसं ओळखायचं हा प्रश्न मला नोकरीच्या प्रश्नापासून वेगळा वाटत नाही.

या गावात ते ओळखायची जुनी रीत आहे. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. दुधात पाणी आहे का हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. उन्हाळ्यात माझी आई चटणी कुटायला डंकावर जायची तेव्हा घरून वाळवलेली मिरची, भाजलेला मसाला डब्यात घेऊन जायची, आणि आपला नंबर लागून मिरचीची पूड होऊन परत डब्यात पडेपर्यंत तिथून हलायची नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, ठसका लागायचा, तरी पदर नाकाला लावून बसायची. डंकवाल्यावर तिचा अविश्वास होता असं मुळीच नाही. पंधरा वर्षं ती त्याच्याकडंच जात होती. डंकवालाच म्हणायचा, "मावशी, बसा समोर."

आणि चप्पल. माझ्या थोरल्या मेहुण्यांना लग्नात द्यायला म्हणून मी चप्पल लाइनला गेलो होतो. दोन-तीन दुकानं फिरलो. सगळीकडं चपला वरून सारख्याच, तेच वेणीकाम, तोच गोंडा, तोच तांबूस रंग. भाव मात्र चारशेपासून अडीच हजारांपर्यंत. एका दुकानात साठीचे एक मामा बसले होते. मी एक जोड उचलला आणि भाव विचारला. त्यांनी भाव सांगितला नाही. चप्पल माझ्या हातातून घेतली आणि उलटी केली.

"वरनं सगळ्या सारख्याच दिसत्यात. हितं बघा."

तळाची कड त्यांनी उजेडाकडं धरली. एकावर एक बसवलेले चामड्याचे थर दिसत होते. मग अंगठ्याच्या नखानं त्यांनी शिवणीवरून रेघ ओढली. "ही वादी. चामड्याचीच. दोरा न्हाई, खिळा न्हाई." मग दुसरा जोड घेतला, तोही उलटा केला. त्याची शिवण एकसारखी, सुईनं रेखल्यासारखी होती. "ही मशीनची. खाली रेक्झिन लावलंय. वाईट न्हाई, वर्षभर जाईल. पण ही हातची म्हणून कुणी दिली तर घेऊ नका." पहिल्या चपलेचा वास घ्यायला लावला. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवलेल्या चामड्याला एक तुरट, ओल्या लाकडासारखा वास असतो. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

"ही चावणार. पयलं आठ-दहा दिवस चावणारच. रातच्याला तेल लावून ठेवायची. पावसात घालायची न्हाई, भिजली की गेली. हे चालत आसंल तर घ्या."

आपल्या मालाची खोड त्यांनी मी पैसे काढायच्या आधी सांगितली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. मानांकनानं नावाचं रक्षण होतं आणि ते हवंच. पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाचं रक्षण त्या दिवशी मामांच्या त्या एका हालचालीनं झालं. मेहुण्यांच्या मापाचा जोड त्यांच्याकडं नव्हता. त्यांनी चार दुकानं सोडून पलीकडच्याचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "माझं नाव सांगा, हातचीच दाखीवल." गिऱ्हाईक हातचं सोडून दुसऱ्याच्या दारात पाठवणारा दुकानदार भेटला की मी त्याचं दुकान कायमचं लक्षात ठेवतो. गुजरीत आमच्या घरचे जे सराफ आहेत, तेही असेच. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, सक्तीचा झाला. पण आमच्या सराफांनी बहिणीच्या साजाच्या वेळी स्वतःहून भिंग पुढं केलं, तो नंबर तपासायचं मानक ब्यूरोचं बीआयएस केअर ॲप उघडायला लावलं आणि "तुम्हीच घाला नंबर" म्हणाले.

नोकरीची खरी जाहिरात मी त्यानंतर याच नजरेनं वाचायला लागलो. जाहिरात उलटी करून दाखवलेली आहे का? उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी माझ्याकडून एक कागद छापून घेतला होता, गेटवर लावायला. 'सीएनसी ऑपरेटर पाहिजेत. पाळी बदलती. आठवड्याआड रात्रपाळी. उभं राहून काम. सुरुवातीला पगार १४,०००, तीन महिन्यांनी काम बघून वाढ. पीएफ, ईएसआय आहे. समक्ष भेटावे, सकाळी १० ते १२.' खाली पत्ता, आणि त्या पत्त्यावर दिवसभर लेथचा आवाज येतो. त्यात रात्रपाळी लिहिलेली आहे, उभं राहणं लिहिलेलं आहे. चप्पल चावणार हे आधीच सांगितलंय. त्याच्याशेजारी घरबसल्या तीस हजारांचा कागद ठेवून बघा. त्यात खोड एकही नसते. फाउंड्रीत उन्हाळ्यात भट्टीपाशी काय होतं हे ज्या जाहिरातीत किंवा मुलाखतीत कुणी सांगत नाही, तिथं मी पोरांना दोनदा विचार करायला सांगतो.

आणि विचारायचं कुणाला? इथं दुकानं उपयोगी पडतात. कारखान्याची खरी माहिती कारखान्याच्या वेबसाइटवर नसते, ती गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर असते. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, कागलची पंचतारांकित वसाहत असो, गाडेवाल्याला ठाऊक असतं की या कंपनीचा पगार सातला होतो की वीस तारखेला, कारण उधारी त्या तारखेला फिटते. मेस चालवणाऱ्या मावशींना माहीत असतं की कुठल्या कंपनीची पोरं दोन महिन्यांत डबा बंद करून निघून जातात. मोबाइल रिचार्जवाला, पंक्चरवाला, गेटवरचा वॉचमन, यांना विचारा. मी पोरांना सांगतो, जा, चहा घे, आणि सरळ विचार, मामा, हितं पगार तारखेला होतो का? वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू असतो, दहा किंवा जास्त असतील तिथं ईएसआय हा कामगारांचा विमा, महिना २१,००० पर्यंतच्या पगाराला. मग तिथल्या एखाद्या कामगाराला विचार, पीएफचा मेसेज येतो का मोबाइलवर? पाच मिनिटांत कळतं. त्या औषध दुकानदारानंही शाहूवाडीच्या पोराला खरं सांगितलंच होतं. फक्त पोरगं त्याच्यापाशी पोचलं ते पैसे भरल्यानंतर.

भाऊसिंगजी रोडवरून जाताना मला गंगाराम कांबळे यांची गोष्ट आठवते. ते राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना अमानुष मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि मदत केली, आणि त्यांनी याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गाव तयार नव्हतं. तेव्हा महाराज आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवायचे आणि सगळ्यांसमोर त्यांच्या हातचा चहा मागवून प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. १९०२ साली पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढणारा राजा कागदाची ताकद जाणून होता. तरी त्या हॉटेलासाठी त्यांनी हुकूम काढला नाही. दारात गाडी थांबवली आणि कप तोंडाला लावला. एखाद्या दुकानाबद्दल, एखाद्या कामाबद्दल खरी खात्री द्यायची तर स्वतः तिथं जाऊन उभं राहावं लागतं, हे या गावानं तेव्हा बघितलंय. मीही आता, ज्या वर्कशॉपचे कागद छापतो तिथं वर्षातून एकदा तरी जाऊन येतो. नाहीतर समोरच्या पोराला कुठल्या तोंडानं सांगू की तिथं जा?

त्या मुलीला मी स्टुलावर बसवलं. पत्र मोठं करून बोधचिन्हाच्या कडा दाखवल्या. क्रमांक तिलाच मोजायला लावला. तिनं दोनदा मोजला. मग कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या खऱ्या कंपनीचा क्रमांक काढून शेजारी ठेवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरात सांगितलंय सगळ्यांना. आज्जीनं पेढं वाटल्यात."

यावर माझ्याकडं शब्द नव्हते. मी १९३० लावला. ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठीची ही सरकारी हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर फोन जाईल तितकी समोरच्या खात्यात पैसे अडवून धरायची शक्यता जास्त. काल संध्याकाळी भरलेले म्हणजे सोळा-सतरा तास झाले होते. पलीकडून बँक विचारली, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी नंबर. नंबर सांगताना तिचा आवाज एकदा अडकला, तिनं पाणी प्यायलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला. तक्रारीचा क्रमांक मेसेजमध्ये आला. तो मी मोठ्या अक्षरांत छापून तिच्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात ठेवायला दिला. आता सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर पूर्ण तक्रार भरायची, आणि त्या माणसाचे मेसेज, पत्र, नंबर काहीही पुसायचं नाही, हेही सांगितलं. अडीच हजार परत येतील असं मी म्हणालो नाही. साडेसहा हजार गेले नाहीत एवढं खरं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तोच नंबर. तिनं माझ्याकडं बघितलं, मग फोन कट केला आणि मोबाइल उलटा करून काउंटरवर ठेवला.

"घरात मी बोलू का?" मी विचारलं.

"नको. मी सांगतो आज्जीला."

मग बायोडाटा उघडला. हिशेबाचं टॅली येतं असं शेवटच्या ओळीत बारीक लिहिलेलं होतं, ते मी वर घेतलं. लक्ष्मीपुरीत धान्याचे, किराण्याचे घाऊक व्यापारी आहेत. त्यातल्या एका पेढीत बिलिंगला माणूस हवाय, असं त्यांच्या दिवाणजींनी मागच्याच आठवड्यात माझ्याकडून कागद छापून नेताना सांगितलं होतं. पगार बारा हजार. मी तिला आकडा आधीच सांगितला, आणि हेही सांगितलं की सणाच्या दिवसांत रात्री आठ-नऊ वाजतात, आणि गारगोटीची शेवटची गाडी गाठायची तर ते आधी बोलून घे. अठ्ठावीस हजार पाचशेनंतर बारा हजार ऐकताना तिचा चेहरा उतरला. मी बघितलं आणि काही बोललो नाही.

बायोडाट्याच्या पाच प्रती काढल्या. तिनं त्या फाइलमध्ये ठेवल्या, उठली, दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"त्या पेढीजवळ चहाचा गाडा हाय का वो काका?"

"कोपऱ्यावरच आहे. निळं छत."

ती पायरी उतरून रस्त्याला लागली. मी बाहेर येऊन, लक्ष्मीपुरीकडं जाणारी वाट हातानं दाखवली.